सगळ्यांचे वडील इंजिनिअर

आमच्या जर्मनच्या वर्गात जितकी मुलं होती तितकेच इंजिनिअर बाप होते. खरं म्हणजे एका मुलाच्या वडिलांचं मेन रोडला किराण्याचं दुकान होतं, एकीचे वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे, एकाचे सटाण्याला कांद्याच्या व्यापारात होते आणि माझे सरकारी दवाखान्यात पोस्टमॉर्टेमच्या खोलीत कामाला होते. पण जर्मनमधून बोलायला उभं राहिलं की सगळे एकजात इंजिनिअर व्हायचे. ‘माइन फाटर इस्ट इन्झेन्योर.’ पुढे आई गृहिणी, एक धाकटा भाऊ, घरामागे बाग, आणि दर रविवारी सगळं कुटुंब जंगलात फिरायला. नाशकातलं कुठलं कुटुंब दर रविवारी जंगलात फिरायला जात होतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

हा निबंध सरांनी उतरवून दिलेला होता. दरवर्षी तोच. तोंडी परीक्षेत ‘तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा’ हा प्रश्न येतोच, आणि आपापल्या घराबद्दल आपापली वाक्यं करायला गेलं की मुलं चुकतात, म्हणून सरांनी सगळ्यांना मिळून एकच घर देऊन टाकलं होतं. त्या घरात आम्ही सगळे दाटीवाटीनं राहत होतो. मला त्या घराचा इतका वीट आला होता की त्यातला धाकटा भाऊ मेला तर बरं, असं वाटायचं.

तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. सातपूरला कारखाने उभे राहत होते, त्यांतल्या काहींत जर्मनीहून यंत्रं यायची आणि यंत्रांमागून माणसं. त्यांचं बोलणं समजावून सांगणाऱ्याला चांगली नोकरी मिळते असं ऐकलं होतं. मी बी. ए.ला जर्मन घेतलं ते एवढ्यासाठीच. पुढे ऐंशीनंतर मला तशी नोकरी लागलीही. पण मी सांगतेय ती गोष्ट त्याच्या आधीची, शेवटच्या वर्षाची. त्या वर्षी पुण्याहून एक जर्मन बाई आमची तोंडी घ्यायला येणार होत्या आणि आमच्यातल्या एकाला उन्हाळ्यात दोन महिने जर्मनीला पाठवणार होत्या. सगळा खर्च तिकडचा, जागा एकच. मला ती हवी होती. इतकी हवी होती की रात्री डोळे मिटले की विमान दिसायचं, आणि विमान तर मी जवळून कधी बघितलंही नव्हतं.

सर जर्मनीत तीन महिने राहून आले होते. त्या तीन महिन्यांवर त्यांनी उभी नोकरी काढली. ‘आम्ही जर्मनीत असताना’ असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायचे, आणि बाहेर सायकल स्टँडवर कुणी शेंगा खाऊन टरफलं टाकत असलं की त्यांचा चेहरा आंबायचा. तिकडची शिस्त, तिकडचा वक्तशीरपणा, तिकडचे रस्ते. आणि मग ठरलेलं पालुपद: जर्मन आणि आपण एकाच रक्ताचे. आपले वेद त्यांनीच जपले. आपण जे विसरलो ते त्यांनी ओळखलं. हे ‘आपण’ म्हणताना सरांची नजर पहिल्या दोन बाकांवरून फिरायची आणि माझ्या बाकापर्यंत यायच्या आधी परत वळायची. मी वसाहतीतून आलेली, घरात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. माझं रक्त कुणाच्या रक्तासारखं आहे हे सरांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

एकदा वर्गात त्या मिशीवाल्याचा विषय निघाला. सर म्हणाले, ‘थोडं चुकलंच त्याचं. पण देशाला शिस्त लावली.’ पहिले बाक माना डोलावत होते. मी विचारलं, ‘सर, आणि ती लाखो माणसं मारली त्याचं?’ सर म्हणाले, ‘ते अभ्यासक्रमात नाही.’ किराणावाल्यांचा मुलगा हसला. थोडं चुकलं म्हणे, जशी काही वरणात मिठाची चिमूट जास्त पडली.

नाताळात सरांच्या कॉलेज रोडच्या बंगल्यावर ‘जर्मन संध्याकाळ’ व्हायची. सुरूच्या फांदीवर कापूस चिकटवून बर्फ केलेला असायचा. मुलांनी मोठ्या भावांचे कोट घातलेले. मेणबत्त्या लावून एकही शब्द न कळता गाणी म्हणायची आणि मग सरांच्या मिसेसनी केलेला, अंडं न घातलेला, वेलदोड्याचा केक खायचा. तो केक भिजवलेल्या पुठ्ठ्यासारखा लागायचा, पण ‘अगदी जर्मन’ म्हणून सगळे दोनदा घ्यायचे. त्या वर्षी केकची बशी माझ्या हातात देता देता त्या मिसेसबाईंनी विचारलं, ‘वडील काय करतात गं तुझे?’

‘सरकारी दवाखान्यात असतात.’

‘अगंबाई, डॉक्टर?’

‘नाही. पोस्टमॉर्टेमला असतात. प्रेतं उघडून देतात डॉक्टरांना, परत शिवतात.’

बाईंचा हात बशीसकट मागे गेला. अगदी थोडा. मग त्यांनी बशी जवळच्या टेबलावर ठेवली आणि ‘घे हं’ म्हणून त्या आत गेल्या. निघताना मी बघितलं, बाकीच्या बशा मोरीत होत्या आणि माझी मागच्या दारी, तुळशीच्या पलीकडे, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर. किळस नक्की कशाची आली होती, जातीची की प्रेतांची, हे बाईंनाही सांगता आलं नसतं. मला मात्र कशाची आली ते स्वच्छ ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला खोलीत बोलावलं. रागावले नाहीत. समजुतीच्या आवाजात म्हणाले, ‘हे बघ, तू हुशार आहेस. उच्चारही बरे आहेत, म्हणजे मला वाटलं होतं त्याहून बरे. तोंडीला मात्र वडिलांबद्दल ते तसलं काही बोलायला जाऊ नकोस.’

‘मग काय सांगू, सर?’

‘इंजिनिअर. सगळे तेच सांगतात. त्या बाईंना उगीच किळस यायची. आपल्या देशाबद्दल काय मत होईल त्यांचं?’

देशाबद्दलचं मत माझ्या वडिलांवर येऊन अडेल असं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वडिलांच्या कामाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मी विचारलं, तर सरांनी नाक मुरडलं आणि म्हणाले, ‘असले शब्द लागत नाहीत.’ मी ग्रंथालयातल्या जाडजूड शब्दकोशातून ते शोधून काढले. प्रेत, चिरणं, शिवणं, धुणं. सगळे होते. जर्मनही मरत असणारच.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते येवल्याकडच्या खेड्यातून तरुणपणी नाशकात आले आणि कुणी घेत नव्हतं ते काम त्यांनी घेतलं. त्या खोलीत काम करणारे बहुतेक दारू पितात, त्याशिवाय हात चालत नाहीत म्हणतात. अण्णा पीत नसत. ते रुमालात कापूर बांधून नेत आणि हुंगत. घरी आले की आधी अंगणातच आंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत फिनेलच्या पाण्यात, मग घरात पाऊल. लहानपणापासून कापराचा वास म्हणजे मला अण्णा. कामाबद्दल ते घरात काही बोलत नसत. बाहेरचं कुणी, अगदी दारावरचा हवालदारसुद्धा, आत डोकवायला लागला तर त्याला बाहेर घालवत. ‘उघडं माणूस बघाया ठेवलेलं नसतं,’ एवढंच म्हणत. नातेवाइकांच्या ताब्यात देण्याआधी चेहरा पुसायचा, केस नीट करायचे आणि मगच दार उघडायचं, हा त्यांचा नेम होता. तेवढ्यासाठी कुणी त्यांचे आभार मानलेले मी ऐकले नाहीत. ओळखीची माणसं रस्त्यात भेटली की नमस्कार लांबून करायची.

तोंडीच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर बसून निबंध घोकत होते. अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांना माझी जर्मन ऐकायला आवडायची.

‘काय म्हणतीस ते?’ त्यांनी विचारलं.

‘आपल्या घराबद्दल आहे, अण्णा.’

‘आसं? मग माझं काय हाय त्यात?’

‘तुम्ही इंजिनिअर आहात.’

अण्णा मोठ्यानं हसले. आतल्या आईला हाक मारून म्हणाले, ‘ऐकलं का, मला बढती मिळाली.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘म्हण की बाई. त्यात काय जातंय आपलं? जर्मनीला जायाचं हाय ना तुला?’

त्यांना वाईट वाटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांना वाईट वाटलंच नाही. आपल्या जागी दुसरा कुणी बरा माणूस बसवावा लागतो, हे त्यांना इतकं साहजिक वाटत होतं की मला रडूही येईना, नुसती चीड येत होती. सरांची, त्या बशीची, बागेची आणि जंगलाची.

तोंडीला आम्ही दाराबाहेर बाकावर बसलो होतो. जर्मन बाई उंच, चाळिशीतल्या, सुती झब्बा घातलेल्या. शेजारी सर, टाय बांधून. आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. इन्झेन्योर. बाग. जंगल. पुढचा आला, इन्झेन्योर, बाग, जंगल. मग रामकुंडावरच्यांची मुलगी गेली. तिचे वडील सकाळीच कुणाच्या तरी अस्थी विसर्जित करून आले असतील, तेही इन्झेन्योर. मला त्या इन्झेन्योरची खरोखर किळस यायला लागली. मी इंजिनिअर म्हणायचं ठरवूनच आले होते. पण बाईंनी मला समोर बसवलं, कंटाळलेल्या डोळ्यांनी बघितलं आणि विचारलं, ‘तुमचे वडीलसुद्धा इंजिनिअर आहेत का?’ तेव्हा ते वाक्य माझ्यानं म्हणवेना.

‘नाही,’ मी म्हणाले. आणि शब्दकोशातले सगळे शब्द बाहेर आले. चिरणं, धुणं, शिवणं, चेहरा पुसणं, केस नीट करणं.

सर घाईघाईनं मध्ये पडले. त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं की मुलगी घाबरली आहे, तिला डॉक्टरांचा सहायक म्हणायचंय. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्या पुढे वाकल्या होत्या. अण्णा किती वर्षं हे काम करतात, घरी काय सांगतात, कापूर का, असं त्या विचारत गेल्या आणि मी अडखळत सांगत गेले. त्या दिवशी त्या खोलीत तेवढंच काय ते बोलणं झालं, बाकी सगळं पाठांतर. शेवटी बाई सरांना माझ्यादेखत म्हणाल्या की मला हीच मुलगी हवी. मग मला म्हणाल्या, उद्या मी तुमच्या घरी येऊ का? मला तुमच्या वडिलांना भेटायचंय.

सरांनी पांडवलेणी दाखवायचा बेत पुढे केला. ‘आपला प्राचीन वारसा’ असं ते म्हणाले. बुद्धाची लेणी दाखवायला सर तयार होते, बुद्धाची वसाहत सोडून. बाई म्हणाल्या, लेणी कुठे पळून जात नाहीत. घरी जाताना मी चालत नव्हतेच, जवळजवळ पळत होते.

दुसऱ्या दिवशी सर आणि बाई रिक्षानं आले. सर आमच्या वसाहतीत पहिल्यांदाच येत होते. गटार ओलांडताना त्यांनी पँट दोन्ही हातांनी वर धरली, पाणी वाहत नव्हतं तरी. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं शेजारून कपबशा आणल्या होत्या. बाई खाटेवर बसल्या आणि चहा प्यायल्या. सर खुर्चीच्या कडेला टेकले, कप समोर घेतला आणि म्हणाले, ‘आज उपास आहे माझा.’ आई म्हणाली, ‘चहा चालतो की उपासाला.’ सर नुसते हसले.

मग माझी दुभाष्याची पहिली नोकरी सुरू झाली, बिनपगारी, माझ्याच घरात. बाई विचारत, मी अण्णांना सांगे. अण्णा उत्तर देत, मी बाईंना सांगे. सुरुवातीला मला छाती फुगल्यासारखं वाटत होतं. मग प्रश्न वळायला लागले. हे काम त्यांच्या जातीलाच करावं लागतं का? लोक त्यांना शिवतात का? त्यांचा स्पर्श झाला तर लोक आंघोळ करतात का? हे मला माझ्या बापाला विचारायचं होतं, त्यांच्या तोंडाकडे बघून. बाई वाईट नव्हत्या. त्यांना फार रस होता, त्या पटापट टिपून घेत होत्या, आणि प्रत्येक उत्तराला ‘किती मनोरंजक, किती मनोरंजक’ म्हणत होत्या. त्यांना किळस अजिबात आली नव्हती. सरांची किळस आणि बाईंचा हा रस, यांतलं काय जास्त असह्य होतं ते मला ठरवता येईना.

‘त्यांना विचारा,’ बाई म्हणाल्या, ‘किळस येत नाही का?’

मी विचारलं. अण्णांची नजर सरांसमोरच्या, न उचललेल्या कपावर गेली. मग साधेपणानं म्हणाले, ‘मेलेल्यांची नाय येत.’

मी ते जसंच्या तसं जर्मनमध्ये सांगितलं. सावकाश, उच्चार सांभाळून. खोलीत दोन्ही भाषा येणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि सर. त्यामुळे सरांना ते दोनदा ऐकावं लागलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत बसले.

बाईंनी ते उत्तर लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि पिशवीतून कॅमेरा काढला. त्यांचं म्हणणं असं होतं की अण्णांनी त्यांना ती खोली दाखवावी. तिथं कामाच्या कपड्यांत, हत्यारं हातात घेऊन उभं राहावं. मी जर्मनीला गेले की तिथल्या लोकांपुढे मी ती चित्रं पडद्यावर दाखवायची आणि अण्णांच्या आयुष्याबद्दल बोलायचं. लोक फार प्रभावित होतील. टेबलावर एखादं असलं तर अधिकच चांगलं, असंही म्हणाल्या. एखादं म्हणजे प्रेत.

अण्णा म्हणाले, ‘काय म्हणत्यात?’ मी सांगितलं. काहीही न गाळता सांगितलं, कारण मला वाटलं, अण्णाच नाही म्हणतील. जन्मभर हवालदारालाही डोकावू दिलं नव्हतं त्यांनी.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ‘त्यावर तुझं जर्मनीचं हाय का?’

‘असावं.’

‘मग दाखवू की,’ ते म्हणाले. ‘उद्या सकाळी या म्हणावं. डॉक्टर यायच्या आधी.’

सर चष्मा चढवून माझ्याकडे बघू लागले. बाई वाट बघत होत्या. मी म्हणाले, ‘नाइन.’

सर पुटपुटले, ‘अगं, ते हो म्हणतायत. नीट सांग.’

‘मी नीटच सांगतेय सर,’ मी म्हणाले. ‘मी नाही म्हणतेय.’ आणि बाईंना जर्मनमध्ये सांगितलं, ते तयार आहेत, पण मी तयार नाही. तिथं जे कुणी झोपलेलं असेल त्याला कुणी विचारलेलं नाही. ही चित्रं घेऊन मी कुठेही जाणार नाही.

बाईंनी कॅमेऱ्याचं झाकण लावलं. ‘किती वाईट,’ एवढंच म्हणाल्या, ‘खरोखर वाईट.’ जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, अण्णांशीही. सरांनी लांबून हात जोडले. रिक्षात बसताना सर मला हळूच म्हणाले, ‘इंजिनिअर म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं?’

त्या उन्हाळ्यात किराणावाल्यांचा मुलगा जर्मनीला गेला. येताना चीज घेऊन आला. त्यालाही वास येत होता, पण त्या वासाचं सगळ्यांना कौतुक होतं.

पण ते नंतर. त्या दिवशी रिक्षा गेल्यावर मी घरात आले तर आई शेजारच्या कपबशा विसळत होती. सरांचा कप तसाच भरलेला होता, वर साय धरलेली. आई तो ओतायला निघाली तर अण्णांनी तिच्या हातातून घेतला, बोटानं साय बाजूला केली आणि गार चहा पिऊन टाकला.

‘गेलं का जर्मनी?’ त्यांनी मला विचारलं.

‘गेलं असेल.’

‘म्हणायचं की मग काल इंजिनिअर. मी काय नाय म्हणलो होतो का तुला?’

‘अण्णा, ते म्हणायला गेले तर मला किळस आली,’ मी म्हणाले.

अण्णांनी रिकामा कप आईकडे दिला. तोंड पुसलं.

‘माझी?’ त्यांनी विचारलं.